श्रीरामपूरच्या झहीरला मुंबईचं मैदान दाखवणारा माणूस : सुधीर नाईक गेले, तेव्हा आपण नेमकं काय गमावलं?

एप्रिल २०२३ चा पहिला आठवडा आठवतोय? आयपीएल नुकतीच सुरू झाली होती आणि सगळ्यांचे फीड धोनी, रोहित, कोहलीने भरले होते. त्यातच २ एप्रिलला बातमी आली की सलीम दुराणी गेले. गुजरातमधल्या जामनगर इथे, वयाच्या ८८ व्या वर्षी.

दुराणी म्हणजे प्रेक्षकांनी ज्या बाजूने ओरडा केला, त्या बाजूला सिक्स मारून देणारा गडी. अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. १९७३ साली इंग्लंडविरुद्धच्या कानपूर टेस्टमधून त्यांना वगळलं, तेव्हा 'दुराणी नाही तर टेस्ट नाही' असे फलक लागले होते. साहजिकच त्यांच्या जाण्याने जुन्या पिढीचा जीव हळहळला. सिक्सच्या आठवणी, जुने फोटो, परवीन बाबीसोबत केलेला 'चरित्र' सिनेमा, असं बरंच काही शेअर झालं.

तीन दिवसांनी, ५ एप्रिलला, मुंबईत आणखी एक क्रिकेटपटू गेले. वय ७८. घरात पडल्याचं निमित्त झालं, डोक्याला मार लागला आणि हॉस्पिटलमधून ते परत आलेच नाहीत. नाव सुधीर नाईक.

ही पोस्ट बऱ्याच जणांनी स्क्रोल करून पुढे ढकलली असेल. तीन टेस्ट खेळलेला माणूस, कुणाला आठवणार? पण तुम्ही नगर जिल्ह्यातले असाल, श्रीरामपूर, राहाता, राहुरी किंवा संगमनेरकडचे असाल, तर या माणसाचं थोडं देणं तुमच्यावरही आहे. कारण श्रीरामपूरचं एक डावखुरं पोरगं मुंबईला गेलं, तेव्हा त्याला खेळायला जागा याच माणसाने दिली होती.

दुराणींनी गॅलरीतल्या लोकांना मजा दिली, तर नाईकांनी पोरांना स्वतः खेळण्याची मजा मिळवून दिली. त्यात विशेष हे की स्वतः नाईकांना या खेळाने फार कडू दिवस दाखवले होते.

थोडक्यात ओळख

- जन्म : २१ फेब्रुवारी १९४५, मुंबई
- निधन : ५ एप्रिल २०२३, मुंबई
- भूमिका : उजव्या हाताचे सलामीचे फलंदाज
- टेस्ट : ३ सामने, १४१ धावा, सर्वोच्च ७७
- वनडे : २ सामने
- प्रथम श्रेणी : ८५ सामने, ४३७६ धावा, सर्वोच्च नाबाद २००
- कर्णधार म्हणून : १९७०-७१ चा रणजी करंडक मुंबईला जिंकून दिला
- नंतर : नॅशनल क्रिकेट क्लबचे आधारस्तंभ, मुंबईच्या निवड समितीचे अध्यक्ष, वानखेडे स्टेडियमचे पिच क्युरेटर

रणजी जिंकून दिली आणि पुढच्या वर्षी टीमबाहेर

१९७१ हे भारतीय क्रिकेटमधलं सोनेरी वर्ष. अजित वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडिजला त्यांच्या घरात हरवलं. सुनील गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि दिलीप सरदेसाईंनी ६४२.

आता यातली मुंबईची माणसं मोजा. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, एकनाथ सोलकर, अशोक मांकड. हे सगळे तिकडे विमानात बसले आणि इकडे मुंबईची रणजी टीम अर्धी रिकामी झाली. मुंबई तेव्हा सलग बारा वर्षं रणजी जिंकत आली होती. ही मालिका आता तुटणार, असं वाटायला पूर्ण जागा होती.

टीमची जबाबदारी आली सुधीर नाईकांकडे. हाताशी जी पोरं होती ती घेऊन ते खेळले आणि फायनलमध्ये महाराष्ट्राला हरवून मुंबईने तेराव्यांदा सलग रणजी जिंकली. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ही गोष्ट आजही कौतुकाने सांगतात. स्टार नसतानाही जिंकणारी टीम ती हीच.

पण गंमत पुढे आहे. १९७१-७२ चा सीझन सुरू झाला आणि सगळे स्टार परतले. अकरा जणांत कुणाला बसवायचं हा प्रश्न आला. बाहेर कोण बसलं? आदल्या वर्षी करंडक उचलणारे कॅप्टन सुधीर नाईक!

यावर कुणी चिडून बॅट टांगली असती तर आपण त्याला नावं ठेवली नसती. नाईक खेळत राहिले. १९७३-७४ मध्ये त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या आणि १९७४ च्या इंग्लंड दौऱ्याचं तिकीट मिळवलं.

१९७४ चा तो दौरा

हा दौरा भारतीय क्रिकेटच्या सगळ्यात वाईट दौऱ्यांपैकी एक. भारत तिन्ही टेस्ट हरला. लॉर्ड्सवर तर अख्खी टीम ४२ धावांत आटोपली.

नाईकांना संधी मिळाली ती तिसऱ्या टेस्टमध्ये, एजबॅस्टनला. ते गावसकरसोबत ओपनिंगला उतरले. मॅचचा पहिलाच बॉल आणि गावसकर आउट. पदार्पणाची टेस्ट, समोरच्या टोकाला उभं राहून बघितलेला पहिला बॉल आणि त्यावर गावसकर गेलेला. यापेक्षा वाईट स्वागत काय असेल?

पहिल्या डावात नाईक ४ धावांवर गेले. दुसऱ्या डावात मात्र टिच्चून उभे राहिले. भारताचा डाव २१६ वर संपला, त्यात एकट्या नाईकांच्या ७७ होत्या. मॅच डावाने हरली, पण हा गडी लंबी रेस का घोडा आहे असं वाटावं अशीच ती खेळी होती.

त्यानंतर १३ जुलै १९७४ ला लीड्सच्या हेडिंग्लीवर भारत पहिलीवहिली वनडे खेळला. ओपनिंगला पुन्हा गावसकर आणि नाईक. वनडेमधला भारताचा पहिला चौकार नाईकांच्याच बॅटमधून आला. आज आपण एका मॅचमध्ये पन्नास चौकार-षटकार बघतो, त्या सगळ्या रांगेच्या तोंडाशी हे नाव आहे.

आणि याच दौऱ्यात ती घटना घडली.

लंडनमधल्या एका मोठ्या दुकानात नाईक खरेदीला गेले होते. दोन जोडी मोज्यांचे पैसे न देता बाहेर पडल्याचा आळ त्यांच्यावर आला. खरंतर त्यांनी तिथून बाकीचे बरेच मोजे पैसे देऊन विकत घेतले होते. गैरसमज झाला, असंच त्यांचं म्हणणं होतं. पण प्रकरण जास्त वाढू नये म्हणून त्यांना गुन्हा कबूल करायचा सल्ला देण्यात आला. त्यांनी तो ऐकला. कोर्टाने दंड केला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नाव छापून आलं.

गावसकरने नंतर आपल्या 'सनी डेज' या आत्मचरित्रात नाईकांची बाजू घेतली आणि त्यांना कबुली द्यायला लावलं हेच चुकलं, असं मत मांडलं. पण डाग पडायचा तो पडला होता. सोशल मीडिया नसलेल्या काळातसुद्धा एखाद्याची बदनामी किती लांब जाते, याचं हे उदाहरण. माणूस ७७ धावांसाठी आठवला जायला हवा होता, तो मोज्यांसाठी आठवला गेला.

त्याच वर्षाच्या शेवटी वेस्ट इंडिजची टीम भारतात आली. दिल्लीत नाईकांनी ४८ आणि ६ केल्या. पुढची टेस्ट कलकत्त्याला. मॅचचा पहिला बॉल अँडी रॉबर्ट्सचा. बॅटची कड लागली, विकेटकीपरने कॅच घेतला आणि नाईक शून्यावर आउट. दुसऱ्या डावात ६. तिथेच त्यांची टेस्ट कारकीर्द संपली.

पहिल्या टेस्टच्या पहिल्या बॉलवर पार्टनर गेला, शेवटच्या टेस्टच्या पहिल्या बॉलवर स्वतः. मधे फक्त सहा महिने.

मग त्यांनी काय केलं?

इथून पुढची गोष्ट आपल्याला महत्त्वाची.

मुंबईत चर्चगेट स्टेशनच्या बाहेर पडलात की जवळच क्रॉस मैदान लागतं. एकाच मोकळ्या जागेत इथे अनेक पिचवर मॅच चालू असतात. एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या बॉलरशेजारी उभा असतो. कुणाचा बॉल कुणाच्या पायात येईल सांगता येत नाही. मधल्या पायवाटेने ऑफिसला जाणारी माणसं चालत असतात आणि त्यातली निम्मी एखादी ओव्हर बघितल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

याच मैदानावर नॅशनल क्रिकेट क्लब आहे. नाईकांनी आपलं पुढचं आयुष्य ज्या गोष्टींना दिलं, त्यात हा क्लब सगळ्यात वरचा.

मुंबईत क्लब म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. आपल्याकडे क्लब म्हटलं की स्विमिंग पूल आणि एसी हॉल डोळ्यासमोर येतो. मुंबईच्या मैदानावरचा क्लब म्हणजे एक तंबू, दोन बाकडी, एक नेट, किटबॅगा ठेवायला एक ट्रंक, चहा आणि माळीकाकांनी तयार केलेलं पिच. यात पैसा फारसा नसतो. कुणीतरी रोज संध्याकाळी येऊन उभं राहावं लागतं, बस्स. ते 'कुणीतरी' नसेल तर क्लब बंद पडतो.

या क्लबांची खरी परीक्षा पावसाळ्यात. १९४८ पासून मुंबईत डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने कांगा लीग खेळली जाते. ओल्या पिचवर, गुडघाभर गवतात, चिखलात. बॉल कधी जमिनीला चिकटतो, कधी छातीवर उडतो. नावाजलेला टेस्ट प्लेअर आणि कॉलेजचं पोरगं एकाच मॅचमध्ये समोरासमोर येतात. ना टीव्ही, ना पैसे. खेळाची मजा असल्याशिवाय असल्या पावसात कुणी उभं राहणार नाही.

नॅशनल क्लबमधून वसीम जाफर आणि राजेश पवारसारखे खेळाडू पुढे आले. आणि याच क्लबमध्ये एक दिवस श्रीरामपूरचं पोरगं येऊन पोचलं.

श्रीरामपूर ते क्रॉस मैदान

श्रीरामपूर म्हणजे ऊस, साखर कारखाने आणि दौंड-मनमाड लाइनवरचं ते स्टेशन, ज्याचं नाव 'बेलापूर' आहे. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

झहीर खानचा जन्म इथला, ७ ऑक्टोबर १९७८ चा. वडिलांचा फोटोग्राफीचा व्यवसाय. प्राथमिक शिक्षण न्यू मराठी शाळेत, पुढे के. जे. सोमय्या हायस्कूलमध्ये. खेळणं टेनिस बॉलवरचं. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसतं तसंच. बॉल फास्ट टाकायचा, स्टंप उडाला की आरडाओरडा करायचा आणि अंधार पडला की घरी.

प्रश्न असा होता की यापुढे काय?

नगर जिल्हा मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनमध्ये येत नाही. तो येतो पुण्याला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये. म्हणजे रणजीसाठी आपल्या जिल्ह्याच्या पोरांचा नेहमीचा रस्ता पुण्यातून जातो. तालुक्याच्या पोराला जिल्हा, मग निमंत्रितांच्या स्पर्धा, मग राज्य, अशी शिडी चढावी लागते. त्या काळात श्रीरामपूरसारख्या गावात चांगलं टर्फ पिच, लेदर बॉलचे रोजचे सामने, फास्ट बॉलिंगचा कोच यातलं काय मिळणार होतं?

मुंबईच्या क्लबचं मात्र एक बरं असतं. तिथे तू कुठल्या जिल्ह्याचा, हे आधी विचारत नाहीत. बॉल हातात देतात. टाकता येतोय का ते बघतात.

झहीर सतरा वर्षांचा असताना वडील त्याला घेऊन मुंबईला आले. सुधीर नाईकांनी त्याला नॅशनल क्लबमध्ये घेतलं. इंजिनिअरिंगच्या वाटेवर असलेल्या या पोरात त्यांना उंच, डावखुरा, फास्ट बॉलर दिसला. भारताकडे तेव्हा असे बॉलर जवळजवळ नव्हतेच.

मुंबईत क्लबच्या सामन्यांत झहीरने विकेट काढल्या. एका जिमखाना फायनलमध्ये शिवाजी पार्कविरुद्ध त्याने घेतलेल्या सात विकेटची चर्चा झाली. मुंबई आणि पश्चिम विभागाच्या १९ वर्षांखालच्या टीमचं दार उघडलं. मग चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथे टी. ए. शेखर यांचं मार्गदर्शन. मुंबईच्या रणजी टीममध्ये जागा मिळणं कठीण होतं, म्हणून तो बडोद्याकडून खेळला आणि २०००-०१ मध्ये बडोद्याने रणजी जिंकली, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत पहिली वनडे, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात पहिली टेस्ट. शेवटी हिशोब झाला ९२ टेस्टमध्ये ३११ विकेट आणि २०० वनडेत २८२.

या सगळ्याचं श्रेय एकट्या नाईकांना देणं बरोबर नाही. मेहनत झहीरची, हिंमत त्याच्या वडिलांची, घडवणारे हात अनेक. पण त्या लांबलचक साखळीची पहिली कडी क्रॉस मैदानावर होती. ती नसती तर श्रीरामपूरला एक चांगला इंजिनिअर मिळाला असता आणि टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये लोक म्हणाले असते, "हा पोरगा काय टाकायचा राव!"

असे 'काय टाकायचे राव' वाले आपल्या प्रत्येक गावात दोन-चार आहेत. त्यांना फक्त एखादा नाईक भेटला नाही.

२ एप्रिल २०११ : गुरूचं पिच, शिष्याचा बॉल

आता ही गोष्ट एका अशा दिवशी येऊन थांबते, जो तुम्हाला पाठ आहे.

वर्ल्ड कप फायनल. वानखेडे. भारत विरुद्ध श्रीलंका. नव्या बॉलने पहिली ओव्हर टाकायला आला झहीर खान.

पहिली ओव्हर मेडन. त्याची दुसरी मेडन. तिसरीसुद्धा मेडन. वर्ल्ड कप फायनलमध्ये सलग तीन! चौथ्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलवर उपुल थरंगाची कड लागली आणि स्लिपमध्ये सेहवागने कॅच घेतला. त्या पहिल्या स्पेलचा आकडा होता पाच ओव्हर, तीन मेडन, सहा धावा, एक विकेट. नंतर त्याला मार पडला, पण त्या स्पर्धेत २१ विकेट घेऊन तो शाहिद आफ्रिदीसोबत सर्वाधिक विकेट घेणारा बॉलर ठरला.

बॉल ज्या पिचवर पडत होता, त्याचे क्युरेटर कोण होते? सुधीर नाईक.

पिच झहीरसाठी बनवलेलं नव्हतं, हे स्पष्ट आहे. त्याच पिचवर जयवर्धनेने नाबाद १०३ धावा केल्या, गंभीरने ९७ आणि धोनीने नाबाद ९१. दोन्ही टीमना खेळता येईल असं ते पिच होतं. पण एका क्षणापुरतं बघा. ज्याने पोराला मैदानावर आणलं, त्यानेच तयार केलेल्या मातीवर ते पोरगं देशासाठी वर्ल्ड कप फायनलची पहिली ओव्हर टाकत होतं. कॅमेरा झहीरवर होता. नाईक फ्रेमच्या बाहेर.

क्युरेटरचं काम असंच. मॅच चांगली झाली तर नाव खेळाडूचं, वाईट झाली तर पिचचं. २०१५ मध्ये याच वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेने ४३८ धावा ठोकल्या, तेव्हा पिचवरून टीम डायरेक्टर रवी शास्त्री आणि नाईक यांच्यात खटका उडाला आणि नाईकांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे लेखी तक्रार केली. त्या वेळी ते सत्तरीत होते आणि रोलर, पाणी, गवत यांच्यातच रमलेले होते.

मग शोक कशाचा करायचा?

एखादा खेळाडू गेला की आपण आकडे शेअर करतो. दुराणींचे सिक्स, अमुकची सेंच्युरी, तमुकची हॅटट्रिक. सुधीर नाईकांच्या बाबतीत आकडे काढले तर हाती येतात १४१ टेस्ट धावा आणि एक भोपळा. त्यावरून या माणसाचं मोजमाप होत नाही.

त्यांच्याकडे खेळावर रुसून बसायला तीन पक्की कारणं होती. रणजी जिंकूनही टीमबाहेर बसावं लागलं. परदेशात नावावर डाग लागला. टेस्ट कारकीर्द सहा महिन्यांत संपली. यातलं एकही कारण पोरांना 'काही अर्थ नाही बाबा या क्रिकेटमध्ये' असं सांगायला पुरेसं होतं. ते त्यांनी केलं नाही. उलट संध्याकाळी मैदानावर येऊन पोरांच्या हातात बॉल देत राहिले.

२००८ नंतर आयपीएल आली आणि क्रिकेट म्हणजे लिलावातला आकडा असं चित्र झालं. आज नगर जिल्ह्यातही ॲकॅडम्या निघाल्या आहेत आणि त्यात काही चांगल्याही आहेत. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेल्या अजिंक्य रहाणेने पुढे भारताचं नेतृत्व केलं, त्यामुळे इथल्या आईबापांनाही आता हे स्वप्न अशक्य वाटत नाही. पण आठ वर्षांच्या पोराला 'तुला आयपीएल खेळायचंय' असं सांगून नेटमध्ये उभं करणं वेगळं आणि त्याला खेळायला मोकळी जागा देणं वेगळं. पहिल्यात पोरगं बारा-तेराव्या वर्षी दमतं. दुसऱ्यात ते पन्नाशीतसुद्धा रविवारी सकाळी किट घेऊन निघतं.

नॅशनल क्लबमधून भारतासाठी खेळले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे बँकेत गेले, रेल्वेत गेले, धंद्याला लागले. पण क्रॉस मैदानावरची एखादी ओली सकाळ, एखादा कॅच, चिखलात माखलेले पांढरे कपडे त्यांच्याकडेही आहेत. झहीर हे त्या क्लबचं सगळ्यात मोठं नाव, पण क्लब चालतो तो या बाकीच्यांसाठी.

म्हणून नाईकांना श्रद्धांजली वाहायची तर त्यासाठी वानखेडेला जायची गरज नाही. तुमच्या गावच्या मैदानाकडे बघा. वाडिया पार्क असो, तालुक्याच्या शाळेचं ग्राउंड असो, नाहीतर ऊस तुटल्यावर मोकळं झालेलं रान. तिथे एक माणूस नक्की असेल. स्वतः फार वर पोचला नाही, पण रोज संध्याकाळी येतो. पिचवर पाणी मारतो, स्टंप ठोकतो, फाटलेले ग्लोव्हज शिवून आणतो, अंधार पडेपर्यंत पोरांना हाकलत नाही.

त्याच्याबद्दल पोस्ट लिहायची असेल तर तो असतानाच लिहा. आणि जमलंच तर उद्या त्याच्यासाठी एक नवीन बॉल घेऊन जा.